रीफ टँकमधले दगड पुन्हा पुन्हा ढासळतात? आधी ते कधी पडतात ते बघा

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. अशा नव्या टँकमध्ये दगड रचले, दिसलेही छान, पाणी भरलं आणि चार दिवसांत वरचा दगड वाळूत. हात घालून पुन्हा रचले, आठवड्याने पुन्हा तेच. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्या साताऱ्याच्या घरातला टँक तीन फुटी आहे, ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, काठोकाठ भरला तर १८२ लिटर. त्यातली रचना पहिल्या पाच महिन्यांत चार वेळा ढासळली. माझा भाचा सांगलीत विश्रामबागेला राहतो, त्याच्या चार फुटीतली तीन वेळा. दोघांच्या मिळून सात पडझडी मी एका वहीत तारीखवार लिहून ठेवल्या आहेत.

पहिल्या तीन वेळा माझा उपाय एकच होता: अजून गोंद लावायचा. गोंद वाढत गेला आणि दगड पडतच राहिले. चौथ्या वेळी वहीतल्या वेळा एकाखाली एक वाचल्या तेव्हा लक्षात आलं की एक रचना पाणी भरल्यावर तासाभरात गेली होती, एक मध्यरात्री, एक वीज आल्या आल्या. वेळा वेगळ्या होत्या कारण कारणं वेगळी होती. म्हणून आता कुणीही "दगड पडला" म्हणून फोन केला की मी पहिलं विचारते, कधी पडला?

पाणी भरताना किंवा पहिल्या दोन दिवसांत

टेबलावर घट्ट बसलेली रचना पाण्यात का सुटते, हे आधी समजून घ्या. दगड पाण्यात गेला की त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका तो हलका होतो. खाऱ्या पाण्याची घनता साधारण १.०२५ आणि चुनखडीच्या भरीव दगडाची २.७ च्या आसपास. म्हणजे बाहेर दहा किलो भरणारा दगड पाण्यात जेमतेम सव्वासहा किलोचा उरतो. दगडावर दगड टिकतो तो वजनातून येणाऱ्या पकडीवर. वजन घटलं की पकडही तेवढीच घटते. वेव्हमेकरचा (पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाचा) झोत, काच पुसायच्या चुंबकाचा धक्का, आपल्या कोपराचा ओझरता स्पर्श यांचा जोर मात्र तेवढाच राहतो. टेबलावर आपण ज्या पकडीची खात्री करून घेतली, ती टँकमध्ये एकतृतीयांशाहून जास्त कमी झालेली असते.

शिवाय आपण वापरतो तो ड्राय रॉक, म्हणजे दुकानात मिळणारा कोरडा चुन्याचा दगड, सच्छिद्र असतो. त्याच्या पोकळ्यांत हवा अडकून राहते. पाणी भरल्यावर एक-दोन दिवस दगडांतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात ना, ती हीच हवा. हवा निघेल तसं पाणी आत शिरतं आणि दगडाचा तोल एका बाजूने बदलत जातो. माझी पहिली पडझड अशीच झाली. डावीकडच्या कमानीचा वरचा दगड पाणी भरल्यावर तासाभरात बोटभर सरकला आणि बघता बघता कलंडला.

यावर उपाय म्हणजे टँकआधी टबात परीक्षा घ्यायची. कपडे भिजवायचा सगळ्यांत मोठा प्लास्टिकचा टब घ्या, टँकच्या बाहेर जोडलेला दगडांचा गट त्यात अख्खा बुडवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. मग सगळ्यांत वरच्या दगडाला दोन बोटांनी चारही बाजूंनी ढकला. "टक" असा आवाज आला तर दगड दगडावर वाजतोय, म्हणजे तिथे फट आहे. हे दोन दिवस वाचवावेत असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटलं होतं, पण ते वाचवू नका.

रात्री पडतो, सकाळी खाली दिसतो

ही सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार. सातांपैकी तीन पडझडी याच प्रकारच्या आहेत. दिवे मालवले की टर्बो गोगलगायी, हर्मिट खेकडे, अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) बाहेर पडतात. अर्चिन तर वाटेत येणारा सुटा दगड सरळ ढकलून पुढे जातो. पण खरं काम करतात ते खणणारे. गोबी मासा आणि त्याच्याबरोबर एका बिळात राहणारी पिस्टल कोळंबी. कोळंबी बुलडोझरसारखी वाळू उपसून बाहेर टाकते, गोबी दारात पहारा देतो. बघत बसावं इतकं सुंदर दृश्य असतं ते. पण तुमचा पायाचा दगड वाळूवर ठेवलेला असेल, तर ही जोडी त्याच्याच खाली घर करणार, कारण त्यांना छप्पर हवं असतं. आणि वाळू गेली की दगड जातो.

इथे मला माझ्या सासऱ्यांचं सांगायचंय. ते जावळी तालुक्यातले. डोंगरउतारावरच्या शेतात ताली रचण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, आणि जावळीचा पाऊस अंगावर घेत त्या ताली अजून उभ्या आहेत. तिसऱ्यांदा दगड पडले तेव्हा ते खुर्ची ओढून टँकसमोर बसले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, दगड वाळूवर का ठेवलायस?"

मी म्हटलं, "मामंजी, खाली काच आहे, तडकेल म्हणून."

"तालीचा पाया आम्ही मातीवर नाही घालत. माती उकरून मुरूम लागेपर्यंत खाली जातो. तुझा मुरूम म्हणजे ती काच. आणि दगड उचलला की लगेच ठेवू नको, आधी हातात फिरव. त्याला बूड असतं, तोंड असतं. तू तोंड बघून ठेवतेस, बूड बघत नाहीस."

माझी सगळी चूक त्यांनी शेवटच्या वाक्यात सांगितली होती. मी दगड समोरून कसा दिसतो एवढंच बघत होते. त्या दिवशी आम्ही टँकच्या तळाच्या मापाचा जुना फ्लेक्स कापून हॉलमध्ये अंथरला आणि सगळे दगड त्यावर ओतले. मामंजींनी एकेक दगड उचलून फिरवला, फरशीवर ठेवला, दाबून बघितला. जो तीन ठिकाणी टेकतो आणि डुगडुगत नाही, तो पायाचा. दोन ठिकाणी टेकणारा कितीही देखणा असो, तो वर. चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तिवई डुगडुगत नाही, तसंच हे. एखाद्या दगडाला तिसरा टेका मिळत नसेल तर छिन्नीने खालचा उंचवटा उडवायचा किंवा चीप मारायची. ड्राय रॉक ठिसूळ असतो, छिन्नीचा हलका घाव पुरतो, पण डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा लावल्याशिवाय घाव घालू नका.

तेव्हा क्रम असा: आधी दगड थेट काचेवर, मग वाळू. काचेची काळजी वाटत असेल तर दगडाखाली अॅक्रिलिकची पातळ पट्टी किंवा छताच्या ट्यूबलाइटखाली असते तसली प्लास्टिकची चौकटीची जाळी कापून घाला, म्हणजे वजन एका टोकावर न येता पसरेल. टोकदार बुडाचा दगड नुसत्या काचेवर मात्र कधीच नको. मग दगडांभोवती अडीच-तीन सेंटिमीटर वाळू. कोळंबी आता कितीही खणो, दगडाला ते जाणवतही नाही. आमच्याकडची जोडी उजव्या बेटाखाली, म्हणजे दगडांच्या उजव्या गटाखाली, दीड वर्ष नांदतेय.

वीज आल्या आल्या

एप्रिल-मे महिन्यांत वळीव आला की आमच्याकडे दोन-दोन तास वीज जाते. वीज गेलेल्या वेळात काही होत नाही. पडझड होते ती वीज परतल्यावर. तासभर शांत असलेल्या पाण्यात वेव्हमेकर एकदम पूर्ण ताकदीने सुरू होतो, आणि ज्या दगडाला थोडी फट आहे त्याला तो पहिला धक्का बसतो. भाच्याच्या टँकमध्ये वेव्हमेकरचं तोंड सरळ कमानीच्या माथ्याकडे होतं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "आत्या, दिवे आले आणि माझ्या डोळ्यांदेखत गेलं."

झोत दगडावर सोडू नका. समोरच्या काचेवर तिरका सोडा, म्हणजे तो काचेवर फुटून सगळीकडे पसरतो. हळूहळू वेग वाढवणारा कंट्रोलर मिळाला तर जरूर घ्या. १८० लिटरच्या टँकला मी तासाला साडेतीन हजार लिटरच्या आसपासचा प्रवाह ठेवलाय, म्हणजे साधारण वीसपट. मऊ कोरलना तेवढा पुष्कळ होतो. आणि एक गोष्ट जिवाची: पडलेला दगड हीटरवर पडला तर हीटरची काच फुटू शकते. त्यामुळे टँकमध्ये हात घालण्याआधी सगळी बटणं बंद, प्लग बाहेर. टँकच्या लाइनवर आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला नसेल तर आधी तो बसवा, दगडांचं नंतर बघू.

आपल्या जिल्ह्यापुरतं आणखी एक कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला, आणि तेव्हापासून पाटण परिसरात लहान लहान धक्के बसत आले आहेत. भांडी किणकिणली की पुढे कामाला लागायची सवय झालीय लोकांना. पण नुसते एकावर एक ठेवलेले दगड अशा धक्क्याने मिलिमीटरभर सरकतात, आणि ते मिलिमीटर साठत जातात. पाटण-कराडकडच्या मंडळींनी तरी जोड दिल्याशिवाय दगड ठेवू नयेत.

गोंद कुठे कामाला येतो आणि कुठे नाही

गोंद बेकार नाही. मी त्याच्याकडून नको ते काम करून घेत होते. इन्स्टंट गोंद, म्हणजे सायनोअॅक्रिलेट, वाळला की काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. ओढला तर टिकतो, पण आडवा धक्का बसला की तुटतो. शिवाय पातळ गोंद सच्छिद्र दगडात शोषला जातो, सांध्यात उरतच नाही. म्हणून जेल, म्हणजे त्याच गोंदाचा दाट प्रकारच घ्या.

खरी ताकद येते ती जेल आणि दगडाच्या भुकटीने. छिन्नीने उडालेला चुरा खलबत्त्यात कुटून ठेवा, किंवा कोरडी बारीक अॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटच्या एका प्रकाराची) वाळू घ्या. सांध्यात जेल भरायचं आणि लगेच वरून भुकटी पेरायची. क्षणात ते तापतं, धूर निघतो, डोळ्यांना झोंबतं, आणि तिथे दगडासारखा घट्ट गोळा तयार होतो. पुन्हा जेल, पुन्हा भुकटी, असे तीन-चार थर. गवंडी दगडांच्या दर्जा भरतात तसंच हे काम. खिडकी उघडून, पंखा लावून, नाकातोंडाला कापड बांधून करा. बोटं सांभाळा, हातमोजे घाला. वरून शेवटची भुकटी पेरली की सांधा दगडाच्याच रंगाचा दिसतो, शोधूनही सापडत नाही.

दोन भाग मळून लावायच्या इपॉक्सी पुट्टीला लोक चिकटवायला वापरतात, पण तिची दगडावर पकड फार नसते. ती भरायला चांगली. पाण्यातच जोडायची वेळ आली तर पुट्टीच्या गोळ्याला दोन्ही बाजूंनी जेल लावून मध्ये दाबा. त्या दिवशी स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेस काढेल, घाबरू नका, एक-दोन दिवसांत थांबतो. वापरण्याआधी ती पुट्टी मत्स्यालयासाठी चालते ना, हे पाकिटावर वाचून घ्या.

पुढे झुकलेला कडा किंवा लांब फांदी हवी असेल तर गोंदावर भागत नाही. काँक्रीटच्या ड्रिल बिटने दोन्ही दगडांना चार-पाच सेंटिमीटर भोक पाडून आत अॅक्रिलिक किंवा फायबरग्लासची सहा-आठ मिलिमीटरची कांडी घाला. लोखंडी सळई, खिळा, तार यांतलं काही नको. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टीललाही गंज चढतो. घरात उरलेलं सिमेंट वापरायचा मोह आवरा. त्यातून चुना सुटत राहतो आणि पीएच वर जातो. ते वापरायचंच तर आठवडेच्या आठवडे पाणी बदलत मुरवावं लागतं.

जांभा का नको, काळा दगड का नको

साताऱ्यातला प्रत्येक नवा माणूस हा प्रश्न विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. पाचगणीच्या टेबललँडला, महाबळेश्वरला, कासला पायाखाली जांभा असतो. भोकाभोकांचा, हलका, रंगाने देखणा. रीफसाठीच घडवलाय असं वाटतं. पण जांभा म्हणजे मूळ कातळ पावसापाण्याने झिजून, विरघळणारं सगळं वाहून गेल्यावर उरलेला लोह आणि अॅल्युमिनियमचा साठा. त्याचा लाल रंग गंजाचाच आहे. तो पाण्यात भुगभुगतो आणि लोह मिळालं की शेवाळाचं फावतं. शिवाय कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथला खडाही उचलू नये, टँकसाठी तर नाहीच.

आपला काळा बेसॉल्ट विषारी नाही, पण तो भरीव आणि जड. रीफ टँकमध्ये दगड फक्त शोभेचा नसतो, तोच गाळणी असतो. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडाच्या पृष्ठभागावर राहतात, आणि नायट्रेटचा वायू करून टाकणारे आत खोल, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे. भरीव काळ्या दगडात त्यांना घरं मिळत नाहीत. आणि ज्या बेसॉल्टमध्ये पोकळ्या असतात त्यांत बहुधा झिओलाइटचे पांढरे-गुलाबी स्फटिक आधीच भरलेले असतात.

दगड चुन्याचा आहे का, हे बघायला त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसला तर कॅल्शियम कार्बोनेट आहे. पण फसफसला म्हणजे तो शुद्ध आहे असं नाही, एवढं ध्यानात ठेवा. मी दुकानातला कोरडा अॅरागोनाइटचा ड्राय रॉकच सुचवेन. मालवणला फिरायला गेलात तर किनाऱ्यावरून कोरलचे तुकडे पिशवीत घालून आणू नका. दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथलं तिथेच राहू द्या.

न पडणारं, तरीही बघत राहावंसं

आता ज्यासाठी एवढा खटाटोप, त्याकडे येते. दगड दोन-तीनदा पडले की माणूस घाबरतो आणि सुरक्षित म्हणून मागच्या काचेला लागून ढीग रचतो. बाजारातल्या बटाट्यांसारखा. तो ढीग पडत नाही, पण त्यात मासा दिसत नाही, पाणी फिरत नाही, आणि मागे साचलेल्या घाणीवर लाल बुळबुळीत थर चढतो. मग लोक त्या लाल थरावर औषधं शोधत बसतात. मूळ दुखणं रचनेचं असतं.

पहिलं म्हणजे दगड कमी करा. जुन्या पुस्तकांत लिटरमागे १२० ते २४० ग्रॅम दगड घाला असं असे. त्या हिशेबाने माझ्या टँकला वीस ते चाळीस किलो झाला असता. मी चौदा किलो वापरलाय, चांगला सच्छिद्र, आणि दीड वर्षात अमोनियाची तक्रार नाही. दगड कमी झाले की जागा मोकळी होते आणि ती मोकळी जागाच डोळ्याला विसावा देते.

दुसरं, सुटे पंधरा-वीस दगड मांडण्याऐवजी ते जोडून दोनच मोठी बेटं करा. एक मोठं, एक लहान, साधारण साठ-चाळीस. मध्ये वाळूची खिंड, तीही सरळ नको, थोडी तिरकी आणि मागे अरुंद होत जाणारी. त्यामुळे दीड फुटाचा टँक अडीच फूट खोल वाटतो. सर्वांत उंच माथा मधोमध आणू नका. ९० सेंटिमीटरच्या टँकमध्ये माझा माथा डावीकडून ३४ सेंटिमीटरवर आहे, उंची २८. वर दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी मोकळं राहिलं पाहिजे, कोरल वाढून तिथेच जाणार आहेत. चारही काचांपासून आठ-दहा सेंटिमीटर जागा सोडा. चुंबक फिरायला ती लागते आणि प्रवाहालाही लागते.

आकार कुठून घ्यायचा? मी यवतेश्वरच्या घाटात थांबून समोरच्या डोंगरांकडे बघत असे, तिथून घेतला. आपला डोंगर कोनासारखा निमुळता नसतो. कड्याखाली सपाटी, मग पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. याच पायऱ्यांमुळे या दगडांना ट्रॅप म्हणतात, स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून. आणि खऱ्या रीफवर समुद्राकडच्या उताराला, जिथे लाटा थेट येतात तिथे, दगडाच्या सोंडा आणि मधून वाळूच्या घळी आलटून पालटून असतात. सोंड, घळ, कपार, माची हे शब्द डोंगर चढणाऱ्या कुणालाही नवे नाहीत. तेच डोक्यात ठेवून रचा. प्रत्येक बेटाला दोन-तीन सपाट माच्या ठेवा, वेगवेगळ्या उंचीवर. खालच्या माचीवर उजेड कमी, तिथे मश्रूम कोरल. वरच्या माचीवर झोअँथिड कोरल. माचीच्या खाली कपार, तिला दोन तोंडं. एका तोंडाची गुहा मासे टाळतात, कारण संकट आलं तर पळायला दुसरी वाट हवी असते, आणि घाणही अशाच बंद गुहेत साचते.

मोठे, खडबडीत, भोकांचे दगड पुढे आणि गुळगुळीत लहान मागे ठेवले की अंतराचा भास वाढतो. सांध्यांच्या रेघा एका ओळीत आल्या तर भिंत वाटते, त्या मोडा. रचना झाली की फोनवर काळा-पांढरा फोटो काढा, आणि तोही तुम्ही रोज जिथे बसून बघणार त्या खुर्चीवरून. रंग गेला की आकारातला दोष लगेच दिसतो. माझ्या पहिल्या रचनेत दोन्ही बेटांचे माथे एकाच उंचीचे होते. डोळ्यांनी आठवडाभर दिसलं नाही, फोटोत पाहताक्षणी दिसलं. फ्लेक्सवरची रचना दोन-तीन दिवस तशीच राहू द्या, जाता-येता बघा, बदला. आमच्या हॉलमध्ये ती सहा दिवस होती आणि घरच्यांनी वळसा घालून ये-जा केली.

मासे आत असताना दुरुस्ती करायची तर

शक्यतो मासे आणण्याआधीच करा. दगडांवर जिवाणू स्थिरावून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतातच, त्या काळात रचना पक्की करून घ्या. पण आता मासे आहेत आणि दगड पडलाय, तर सगळी वीज बंद करून आधी तिसरा हिस्सा पाणी स्वच्छ टबात काढा. दगड त्याच पाण्यात ठेवा, उघड्यावर सुकवू नका, जिवाणू मरतील. दगडावर झोअँथिड असतील तर हातमोजे आणि सुरक्षेचा चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. असे दगड गरम पाण्यात घालणं किंवा उकळणं तर कधीच नको, वाफेतूनही ते विष शरीरात जातं.

पायाच्या जागेवरची वाळू कपाने बाजूला सारून काच मोकळी करा, दगड बसवा, मग वाळू परत. गढूळ पाणी संध्याकाळपर्यंत निवळतं. भरपाईचं पाणी आरओचं, मीठ घालण्याआधी टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याच्या जवळ, मग मीठ दर हजारी ३५, तापमान टँकइतकंच. पुढचे तीन दिवस रोज अमोनिया तपासा, जुनी वाळू हलली की तो थोडा वर येऊ शकतो. तो निवळेपर्यंत माशांना निम्मंच खाणं.

बऱ्याच महिन्यांनी पडतो

सातवी पडझड या प्रकारची, भाच्याकडची, टँक सुरू होऊन दहा महिने झाल्यावर. पाया काचेवर होता, झोत तिरका होता, जोड भुकटीचे होते. पडला तो पुढे झुकलेला कडा. त्याच्या टोकावर त्याने मऊ कोरलचा दगडासकट मोठा गड्डा चिकटवला होता आणि कोरल तिपटीने वाढलं होतं. रचताना कडा रिकामा होता, तोल त्याच हिशेबाने साधलेला. पुढे येणारा भार कुणी धरलाच नव्हता. आता तिथे आम्ही दोन कांड्या घातल्यात, आणि कड्याच्या मागच्या बाजूला शेपटीसारखा एक लांब दगड जोडून तोल मागे घेतलाय. मामंजींना फोटो दाखवला तर म्हणाले, "हां, आता शेपटी आली."

तेव्हा झुकत्या भागावर जड काही लावायचं असेल तर आधी पायाच्या बाजूला भार वाढवा. दर महिन्याला काच पुसताना वरच्या दगडांना दोन बोटांनी हलकेच ढकलून बघा, आणि सांध्यांखाली वाळूवर नजर टाका. पिठासारखा पांढरा चुरा पडलेला दिसला तर वरचा सांधा उघडतोय. त्याच दिवशी पाणी थोडं उतरवून तिथे जेल आणि पुट्टी भरा. दगडांवर जांभळा-गुलाबी चुनखडीचा थर चढायला लागला असेल तर तो खरवडू नका. तोही सांध्यांवरून पसरत जातो आणि वरून घट्ट कवच धरतो. आमच्या डाव्या बेटाचे तीन सांधे आता त्याच्याखाली गेलेत.